‘मला कुणीच दिसत नाहीये’: गट-उड्डाणात दर वेळी येणारी अडचण आणि तिचा माग

फ्लाइट सिम्युलेटरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर विमान उडवण्याच्या ‘सिम’मध्ये, रविवारी रात्री साडेनऊला सगळ्यांनी मिळून जुहूहून निघायचं ठरलेलं असतं. घोडबंदर रोड, कळवा, ऐरोली, खारघर, उलवे असे आठ-दहा ठिकाणांहून लोक व्हॉइस चॅनेलवर जमतात आणि पाच मिनिटांत सुरू होतं:

“दादा, मी धावपट्टी 08 च्या तोंडाशी उभा आहे. तुम्ही कुठे आहात?”

“अरे, मीही तिथेच आहे. तू दिसत नाहीयेस.”

“मला काका दिसतायत, पण त्यांचं विमान अर्धं जमिनीत रुतलंय.”

मग कुणी सिम बंद करून चालू करतं, कुणी राउटरचा प्लग काढतं, कुणी वरून बसवलेले सगळे मॉड काढून टाकतं. अर्ध्या तासाने सहा जण निघतात. उरलेल्यांना सकाळची लोकल पकडायची असते, ते झोपायला जातात. पुढच्या रविवारी हेच पुन्हा. नवीन आलेला मुलगा दोन वेळा असा ताटकळला की तिसऱ्या वेळी येत नाही, आणि गट रोडावतो तो इथेच.

ही अडचण इंटरनेटच्या वेगाची क्वचितच असते. फ्लाइटगिअर या सिमचं उदाहरण घ्या. त्याच्या मल्टिप्लेअरचं, म्हणजे अनेकांनी एकत्र उडण्याच्या सोयीचं, एक पॅकेट (माहितीचा तुकडा) जास्तीत जास्त 1200 बाइटचं असतं आणि नेहमीच्या मांडणीत सेकंदाला 10 पॅकेट जातात. म्हणजे एका विमानाचे सेकंदाला 12 किलोबाइट, साधारण 0.1 एमबीपीएस. पंधरा विमानं भोवती असली तरी दीड एमबीपीएसच्या आत काम भागतं. त्यामुळे 100 एमबीपीएसचा प्लॅन 300 चा करून काही हाती लागत नाही. बहुतेक वेळा झालेलं असतं ते वेगळंच: प्रत्येक जण वेगळ्या जगात उभा असतो. कुणाचा सर्व्हर वेगळा, कुणाचं हवामान वेगळं, कुणाची जमीनच वेगळी. ही जगं एक करणं हे गटाचं काम आहे. ज्याचं विमान दिसत नाही त्या एकट्यावर ते टाकलं की तीच गोष्ट पुन्हा पुन्हा घडते.

आधी तिसऱ्या माणसाला विचारा

काहीही बदलण्याआधी दोन मिनिटांची ही तपासणी करा. समजा अ ला ब दिसत नाही. लगेच अ च्या राउटरला हात लावू नका. क ला विचारा, “तुला ब दिसतोय का?”

क ला ब दिसत असेल, तर ब ची माहिती सर्व्हरपर्यंत पोचते आहे. ब ने काही करायचं नाही, दोष अ च्या बाजूला आहे: त्याचा सर्व्हर, त्याचा मल्टिप्लेअर मोड किंवा त्याची दृश्य-मांडणी. क लाही ब दिसत नसेल, पण अ आणि क एकमेकांना दिसत असतील, तर दोष ब कडे. आणि कुणालाच कुणी दिसत नसेल तर सर्व्हर सेवाच बंद आहे किंवा सगळ्यांच्या सिमला नुकतंच अपडेट आलं आहे. तेव्हा घरातलं काही उलटंपालटं करण्यात अर्थ नसतो.

ही तपासणी करताना विमानांच्या नावाच्या पाट्या चालू ठेवा. पाटी दिसते पण विमान दिसत नाही, ही अडचण मॉडेलची असते. पाटीही दिसत नाही, ती जोडणीची. हा एक फरक कळला की निम्मा शोध तिथेच संपतो. फ्लाइटगिअरमध्ये हेच काम मल्टिप्लेअर मेनूतली पायलटांची यादी करते. यादीत नाव आहे आणि डोळ्यांना विमान दिसत नाही, तर ते विमान तुमच्याकडे बसवलेलं नाही किंवा तो पायलट तुम्हाला वाटतं त्यापेक्षा दूर आहे.

सर्व्हर, मोड आणि खातं

मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर 2020 मध्ये मल्टिप्लेअरचे सर्व्हर विभागवार आहेत: पश्चिम आणि पूर्व अमेरिका, पश्चिम आणि उत्तर युरोप, आग्नेय आशिया. ‘ऑटोमॅटिक’ ठेवलं की सिम त्या क्षणी ज्याचा पिंग (पॅकेट जाऊन परत यायला लागणारा वेळ) बरा वाटेल तो सर्व्हर घेतो. ठाण्यातल्या एकाच इमारतीत दोन वेगळ्या कंपन्यांची कनेक्शन असतील तर दोघांना वेगवेगळे सर्व्हर मिळू शकतात, कारण दोघांचा डेटा समुद्राखालच्या वेगळ्या वाटांनी जातो. एकमेकांपासून दोन मजल्यांवर बसलेली माणसं अशी एकमेकांना अदृश्य होतात. उपाय सोपा आहे. मुख्य पडद्यावर वर उजवीकडे आपल्या नावावर क्लिक करा, सर्व्हरची निवड ऑटोमॅटिकवरून काढून आग्नेय आशियावर टाका आणि हे उड्डाण सुरू करण्याआधीच करा. 2024 च्या आवृत्तीत मेनूची मांडणी बदललेली आहे. म्हणून गटाने उड्डाणापुरती एकच आवृत्ती ठरवावी. दोन्ही आवृत्त्या मिसळून ‘दिसतंय का बघू’ म्हणत बसण्यात वेळ जातो.

दुसरी गोष्ट मोडची. उड्डाणाच्या परिस्थितीच्या पॅनेलमध्ये ‘लाइव्ह प्लेअर्स’ निवडलं की सिम खऱ्या जगाचं हवामान आणि वेळ लावतो आणि तसं उडणारेच दाखवतो. ‘ऑल प्लेअर्स’ मध्ये हवामान आणि वेळ ज्याची त्याची असते. एकाने संध्याकाळचा छान उजेड हवा म्हणून वेळ बदलली की तो लाइव्हच्या जगातून बाहेर पडतो, आणि त्याला वाटतं बाकीचे गायब झाले. गट-उड्डाणासाठी सगळ्यांनी ‘ऑल प्लेअर्स’ ठेवा आणि हवामान-वेळ पत्रकात लिहिलेलं लावा. ते पत्रक कसं असावं ते पुढे दिलं आहे.

तिसरी गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते. गटातल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलांचं खातं बहुधा आईबाबांनी कुटुंब-गटात मुलाचं खातं म्हणून उघडलेलं असतं. अशा खात्याला मल्टिप्लेअरमध्ये सामील होणं आणि आवाज-मजकुराने बोलणं सुरुवातीपासून बंद असू शकतं. मुलगा सगळी सेटिंग बरोबर लावतो तरी एकटाच उडत राहतो. ही परवानगी पालकांच्या खात्यातून, एक्सबॉक्सच्या गोपनीयता आणि ऑनलाइन सुरक्षा विभागात द्यावी लागते. मुलाला खोटी जन्मतारीख टाकून दुसरं खातं उघडायला कुणीही सुचवू नका. पालकांना एकदा व्हॉइस चॅनेलवर बोलवा, गटात कोण आहे, किती वाजता संपतं हे त्यांना सांगा. परवानगी मिळते, आणि घरातला विश्वासही बसतो.

फ्लाइटगिअरवाल्यांसाठी दोन खाचखळगे. कॉलसाइन, म्हणजे उड्डाणातलं आपलं नाव, सात अक्षरांच्या आत ठेवा आणि गटात कुणाचीही सारखी नसावी. दोघांनी एकच कॉलसाइन लावली तर सर्व्हरसाठी तो एकच पायलट होतो. दुसरं म्हणजे एकाच घरात दोन भावंडं दोन कॉम्प्युटरवर उडत असतील तर दोघांचा येणारा पोर्ट 5000 ठेवू नका. एकाचा 5000, दुसऱ्याचा 5001 करा. राउटरला परत आलेलं पॅकेट कुणाला द्यायचं हे मग नीट कळतं.

विमान दिसतं, पण भलतंच दिसतं

मित्र एअरबस उडवतोय आणि तुम्हाला साधं पांढरं विमान दिसतंय, तर त्याचं विमान तुमच्याकडे नाही. सिमने जवळचं काहीतरी लावून वेळ मारून नेली. ट्रॅफिकच्या सेटिंगमध्ये मल्टिप्लेअरसाठी ‘जेनेरिक मॉडेल’ चालू असेल तर तुमच्याकडे असलेलं विमानही साधं दिसेल. कॉम्प्युटर तगडा असेल तर ते बंद करा. नसेल तर चालूच ठेवा, कारण दहा जड विमानं एका धावपट्टीशी उभी राहिली की फ्रेम रेट (सेकंदाला पडद्यावर येणारी चित्रं) कोसळतो, आणि त्याचे परिणाम पुढे सगळ्यांना भोगावे लागतात.

जमिनीत रुतलेलं विमान ही वेगळी गोष्ट आहे, आणि आपल्या भागात ती सध्या वारंवार येते. मल्टिप्लेअर दुसऱ्याच्या विमानाची उंची पाठवतो, त्याच्या खालची जमीन पाठवत नाही. जमीन तुमच्या सिमची असते. दोघांच्या जमिनीत तीन मीटरचा फरक असेल तर ज्याची जमीन उंच त्याला दुसऱ्याचं विमान रुतलेलं दिसतं, आणि दुसऱ्याला त्याचं विमान तीन मीटर तरंगताना.

नवी मुंबई विमानतळावर हे ठळकपणे होतं. तिथे जमीनच नव्याने घडवली गेली. उलव्याची टेकडी कापली, उलवे नदीचा प्रवाह वळवला, दलदलीची जागा भरून उंच केली. 8 ऑक्टोबर 2025 ला उद्घाटन झालं आणि 25 डिसेंबर 2025 पासून प्रवासी विमानं सुरू झाली. ज्यांच्या सिममधली उंचीची माहिती त्याआधीची आहे त्यांच्याकडे तिथे जुना चढउतार आहे. ज्यांनी कुणीतरी बनवलेली सीनरी, म्हणजे त्या जागेचं तयार भूदृश्य, बसवली त्यांच्याकडे सपाट 3700 मीटरची धावपट्टी आहे. दोन वेगळ्या सीनरी बसवलेल्या दोघांच्या पातळ्याही जुळतीलच असं नाही. एकाचं विमान धावपट्टीवर धावतं आणि दुसऱ्याला ते टेकडीच्या पोटातून जाताना दिसतं.

तपासायची रीत अशी. सगळ्यांनी एकाच स्टँडवर, इंजिन बंद ठेवून उभं राहायचं. ‘बी’ की दाबून अल्टिमीटरला, म्हणजे उंची दाखवणाऱ्या काट्याला, तिथला हवेचा दाब द्यायचा. मग एकेकाने काट्यावरचा आकडा वाचायचा. कुणाचा 22 फूट, कुणाचा 24, कुणाचा 23 आला तर ठीक. एकाचा 60 आला तर त्याची जमीन वेगळी आहे, आणि सीनरीचं नाव व आवृत्ती दोन्ही विचारायचं ते त्यालाच. गटाची सीनरी एकच हवी, तिची आवृत्तीही एकच. ज्यांना ती घेता येत नाही त्यांच्यासाठी सुरुवात जुहूहून किंवा मुंबईच्या जुन्या विमानतळावरून ठेवा. तिथली जमीन सगळ्यांकडे बरीच सारखी असते. नवी मुंबई हवेतून बघायला ठेवा, उतरायला नको.

दोघांचा काटा 3000 फुटांवर, तरी एक खाली दिसतो

ही तक्रार आली की लोक लगेच ‘लॅग’, म्हणजे जोडणीतला उशीर, म्हणतात. लॅगने विमान मागे-पुढे होतं. वर-खाली दिसण्याचं कारण बहुतेक वेळा हवामान असतं.

पावसाळ्यात मुंबईचा समुद्रसपाटीचा दाब 1003 हेक्टोपास्कलच्या आसपास उतरतो. सिम उघडताना अल्टिमीटर 1013 वर असू शकतो. एका हेक्टोपास्कलला साधारण 28 फूट धरा. ज्याने स्थानिक दाब लावलाच नाही त्याचा काटा 280 फूट जास्त दाखवतो. काट्यावर 3000 असले तरी तो खरा 2700 फुटांवर असतो. पारसिकवरून थेट लोणावळ्याकडे निघालात तर प्रबळगड-माथेरानचे डोंगर वाटेच्या कडेला येतात, आणि माथेरानचं पठार सुमारे 800 मीटर, म्हणजे 2600 फुटांच्या वर आहे. ढगात हा माणूस डोंगरावर आपटतो आणि म्हणतो, सिम बिघडलाय.

उलट प्रकारही होतो. उंचावर गेल्यावर सगळ्यांनी 1013 लावायचं ठरलं, पण एक जण लाइव्ह हवामानात आहे आणि दुसरा ‘क्लिअर स्काइज’ मध्ये. दोघांचे काटे सारखे आणि विमानं 280 फुटांनी वर-खाली. त्यात तापमानाची भर पडते. आपली हवा प्रमाण हवेपेक्षा 15 अंशांनी गरम असेल तर दर 1000 फुटांमागे साधारण 60 फूट फरक पडतो. 10000 फुटांवर तो 600 फूट होतो. म्हणून प्रत्येकाने एकच हवामान लावायचं आणि 15 मिनिटांनी एक जण दाबाचा आकडा चॅनेलवर वाचून दाखवणार, बाकीचे तो परत म्हणणार. एवढं केलं की ही तक्रार संपते.

झटके आणि उड्या

आता खरा नेटवर्कचा भाग. विमान सरळ जाताना छान दिसतं आणि वळताना उड्या मारतं. याचं कारण असं की दोन पॅकेटच्या मधल्या वेळात तुमचा सिम मित्राच्या विमानाची जागा अंदाजाने काढतो. सरळ रेषेत अंदाज बरोबर येतो, वळणावर चुकतो. पॅकेट ठरलेल्या अंतराने आली तर चूक छोटी राहते. कधी 60 मिलिसेकंदांनी, कधी 250 नी आली तर विमान थरथरतं. पॅकेट येण्याच्या वेळेतली ही अनियमितता म्हणजे जिटर. गट-उड्डाणात त्रास जिटरचा जास्त असतो, पिंगचा कमी.

आकड्यांत बघा. 120 नॉटचा वेग म्हणजे सेकंदाला 62 मीटर. 200 मिलिसेकंदांच्या चुकीत विमान 12 मीटर सरकलेलं असतं, आणि सेस्ना 172 च्या पंखांचा विस्तार 11 मीटर आहे. म्हणजे एका पंखभर अंतरावर उडायचा हट्ट अशा जोडणीवर धरू नये. 60 ते 100 मीटरचं अंतर ठेवा, वळण 15 अंशांच्या कलण्यापेक्षा जास्त नको, आणि आघाडीच्या विमानाने मागच्यांना पकडायला वाव राहील असा, आपल्या कमाल वेगापेक्षा 10-15 नॉट कमी वेग धरावा.

जिटर कुठून येतो ते शोधायला दोन काळ्या खिडक्या पुरतात. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट दोनदा उघडा. एकीत आपल्या राउटरला सतत पिंग लावा, बहुतेक घरांत त्याचा पत्ता 192.168.1.1 किंवा 192.168.0.1 असतो. दुसरीत 8.8.8.8 या गूगलच्या बाहेरच्या पत्त्याला. दोन्ही खिडक्या शेजारी ठेवून पाच मिनिटं उडा आणि नंतर आकडे बघा.

राउटरची खिडकी 1-2 मिलिसेकंदांवर स्थिर हवी. तिथेच 40, 90, 3, 120 असे आकडे येत असतील तर दोष वाय-फायचा आहे. कंपनीला फोन करू नका, ती काही करू शकणार नाही. वाशी-खारघरच्या किंवा घोडबंदरच्या टॉवरमध्ये 2.4 गिगाहर्ट्झवर एका वेळी वीस-पंचवीस नेटवर्क दिसतात, आणि त्यात एकमेकांवर न चढणारी वाहिनी तीनच: 1, 6 आणि 11. शक्य असेल तर कॅट 6 केबल ओढा, पायपट्टीच्या कडेने ती दिसतही नाही. केबल जमत नसेल तर 5 गिगाहर्ट्झवर जा, राउटर त्याच खोलीत आणा. आरसीसीच्या दोन भिंती पार करताना 5 गिगाहर्ट्झ दम तोडतो.

राउटरची खिडकी शांत आणि फक्त 8.8.8.8 ची उसळत असेल तर आधी घरात बघा: कुणाच्या फोनचे फोटो क्लाउडवर चढतायत का, दाराचा कॅमेरा सतत रेकॉर्डिंग पाठवतोय का. वर जाणारी वाट भरली की तुमची छोटी पॅकेट रांगेत अडकतात. राउटरमध्ये क्यूओएस किंवा एसक्यूएम (पॅकेटची रांग सांभाळणारी सोय) असेल तर अपलोडची मर्यादा खऱ्या वेगाच्या 90 टक्क्यांवर ठेवा. 50 एमबीपीएस मिळत असतील तर 45. रांग मग तुमच्या राउटरमध्ये राहते आणि सिमची पॅकेट पुढे काढता येतात. घरात सगळं बंद असूनही रात्री नऊ ते अकरा या वेळातच आकडे चढत असतील, तर तेव्हा कंपनीला दोन्ही खिडक्यांचे फोटो पाठवा. ‘स्लो आहे’ या शब्दापेक्षा त्या फोटोंना उत्तर लवकर मिळतं.

नेटवर्कचा काहीही संबंध नसलेल्या दोन गोष्टी झटक्यांसारख्याच दिसतात. एकाचा सिमचा वेग चुकून दुप्पट झालेला असतो, तो इतरांना धक्के खात पुढे पळताना दिसतो. दुसऱ्याने अॅक्टिव्ह पॉज (विमान जागीच थांबवणारी सोय) दाबून ठेवलेला असतो, त्याचं विमान हवेत थिजतं. दोन्ही एका प्रश्नात कळतं, “तुझा सिम रेट एकपट आहे ना? पॉज नाही ना?” आणि फ्रेम रेट 20 च्या खाली गेलेल्या पायलटचं विमान बाकीच्यांना अडखळत दिसतं, त्याच्या जोडणीत काही खोट नसली तरी. त्याने ढग आणि भूदृश्याचा तपशील एक पायरी उतरवावा, 30 फ्रेमवर कुलूप घालावं.

पावसाळ्यासाठी एक खर्च सुचवतो: ओएनटी (फायबरची तार जिथे येते तो डबा) आणि राउटरला 12 व्होल्टचा मिनी यूपीएस. अर्ध्या सेकंदाची वीज जाते, राउटर पुन्हा उभा राहायला दोन-तीन मिनिटं घेतो, आणि तेवढ्यात उड्डाण तुटतं.

गटाचा स्वतःचा सर्व्हर

गटात काही जण एक्स-प्लेन या दुसऱ्या सिमवर आणि काही मायक्रोसॉफ्टच्या सिमवर असतील तर दोन्ही जोडणारा जॉइनएफएस सारखा प्रोग्राम लागतो. एक्स-प्लेनच्या डेस्कटॉप आवृत्तीत सगळ्यांसाठी खुलं असं स्वतःचं ऑनलाइन जग नाही. जॉइनएफएसमध्ये एकाला हब व्हावं लागतं, म्हणजे बाकीचे त्याच्या कॉम्प्युटरला जोडले जातात; त्याचा यूडीपी पोर्ट 6112. आणि इथेच घोडं अडतं. हबने पोर्ट उघडला, सगळं बरोबर केलं, तरी बाहेरून कुणी पोचत नाही.

हबच्या राउटरमध्ये वॅन पत्ता, म्हणजे इंटरनेटच्या बाजूचा पत्ता, बघा. तो 100.64 ते 100.127 यांपैकी कशाने सुरू होत असेल तर कंपनीने अनेक ग्राहक एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवले आहेत. याला सीजीनॅट म्हणतात. तुमच्या राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडले तरी वरचं दार बंदच राहतं. पत्ता 192.168 ने सुरू होत असेल तर बहुधा ओएनटीच्या मागे तुमचा स्वतःचा दुसरा राउटर आहे. त्याला अॅक्सेस पॉइंट मोडवर टाका, एक अडसर गेला.

सीजीनॅटवर तीन वाटा आहेत. कंपनीकडून जादा पैसे भरून स्थिर सार्वजनिक पत्ता घ्या. किंवा टेलस्केल, झिरोटिअर यांसारखं आभासी खासगी नेटवर्क सगळ्यांनी बसवा, मग सगळे एकाच घरच्या नेटवर्कवर असल्यासारखे होतात. त्यात विंडोज फायरवॉलमध्ये ते नेटवर्क ‘प्रायव्हेट’ करायला विसरू नका, ‘पब्लिक’ राहिलं तर सिमची दारं बंदच राहतात. तिसरी वाट म्हणजे मुंबई विभागातला छोटा भाड्याचा सर्व्हर. खर्च दहा जणांत वाटला तर हा सर्वांत निवांत पर्याय आहे, कारण कुणाच्या घरची वीज गेली तरी गट उडत राहतो. त्याच सर्व्हरवर बोलण्यासाठी मंबल हा प्रोग्रामही बसतो, पोर्ट 64738, टीसीपी आणि यूडीपी दोन्ही उघडायचे. फ्लाइटगिअरवाले एफजीकॉम-मंबल (मंबलवर विमानाच्या रेडिओसारखं बोलण्याचं प्लगइन) लावत असतील तर वाहिनीचं नाव इंग्रजीत ‘fgcom-mumble’ नेच सुरू करा. नाव वेगळं ठेवलं तर प्लगइन जागंच होत नाही, आणि लोक माइक बिघडला म्हणून नवा विकत आणतात.

बोलणं

पुश-टू-टॉकची, म्हणजे दाबून बोलायची, की सिममध्ये चालत नाही, ही जुनी तक्रार. सिम अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालू असेल आणि बोलण्याचा प्रोग्राम साधा, तर त्या प्रोग्रामला की दाबलेली कळत नाही. दोन्ही एकाच हक्काने चालवा, शक्यतो दोन्ही साधे. ब्लूटूथ हेडसेटचा माइक चालू झाला की आवाज टेलिफोनसारखा घोगरा होतो, तो दोष नाही, ती त्या जोडणीची मर्यादा आहे. तारेचा हेडसेट घ्या.

आकडे मराठीत बोलताना एकेक अंक म्हणा. ‘त्रेपन्न’ आणि ‘त्रेसष्ट’, ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’ इंजिनाच्या आवाजात एकसारखे ऐकू येतात. ‘हेडिंग एक-एक-पाच’ म्हटलं की चूक होत नाही. ‘सव्वातीनशे’ तर अजिबात नको. जागा सांगताना सगळ्यांना माहीत असलेल्या खुणा घ्या: ऐरोली पूल, पारसिक, वाशीचा खाडीपूल, अटल सेतू, कर्नाळ्याचा सुळका. आधी आपली कॉलसाइन, मग वाक्य असं असावं: “पारसिकच्या पूर्वेला, दोन-पाच-शून्य-शून्य फूट, दक्षिणेकडे, कर्नाळ्याकरता.” कोण, कुठे, किती उंच, कुठे निघाला. तेवढंच.

उड्डाणपत्रक

वरचं सगळं एका निरोपात मावतं. आदल्या दिवशी गटावर टाका, तेही याच क्रमाने:

“रविवार, जमणं रात्री 9:15, चाकं उचलणं 9:45 भारतीय वेळ, म्हणजे 16:15 झुलू. सिम 2020, सगळ्यांनी अपडेट शनिवारीच करायचं. सर्व्हर आग्नेय आशिया. मोड ऑल प्लेअर्स. हवामान क्लिअर स्काइज, सिममधली वेळ संध्याकाळी 5. सुरुवात जुहू, धावपट्टी 08. मार्ग ऐरोली पूल, पारसिक, कर्नाळा, लोणावळा, पुणे. उंची कर्नाळ्यापर्यंत 2500, पुढे 4500 फूट. विमान सेस्ना 172. आघाडीला एक, शेपटीला एक, मदतनीस एक.”

झुलू, म्हणजे वैमानिकांची जागतिक (यूटीसी) वेळ, लिहिताना भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा करायचे असतात. अर्धा तास विसरल्याने चुकलेली माणसं बरीच असतात, म्हणून दोन्ही वेळा लिहा. उपकरणांवर उडायचं असेल तर एअरॅकचं चक्रही, म्हणजे हवाई मार्गांच्या माहितीची आवृत्ती, लिहा, ते दर 28 दिवसांनी बदलतं, आणि दोघांची चक्रं वेगळी असली की एकाच्या नकाशावरचा बिंदू दुसऱ्याला सापडत नाही.

मदतनीस त्या दिवशी उडत नाही, हे महत्त्वाचं. तो वेगळ्या व्हॉइस खोलीत बसतो. ज्याला अडचण आहे तो तिथे जातो, बाकीचे निघतात. तिसऱ्या माणसाची तपासणी, अल्टिमीटरचं वाचन, दोन खिडक्यांचा पिंग, या क्रमाने तो बघतो. दहा मिनिटांत सुटलं नाही तर त्या पायलटला पुढच्या टप्प्यावर, म्हणजे लोणावळ्याच्या आसमंतात हवेतच सुरुवात करून सामील करून घेतो. आघाडी तिथे एक फेरी मारून थांबते. हे काम दर आठवड्याला पाळीने वेगळ्याने करावं. चार-पाच पाळ्यांत गटातल्या निम्म्या लोकांना अडचणी सोडवता येऊ लागतात.

संख्या वाढली आणि कंट्रोलरची भूमिका करणाऱ्या खऱ्या माणसांशी बोलायची हौस आली तर व्हॅटसिम हे ऑनलाइन जाळं आहे. ते 2001 पासून चालू आहे. तिथे सर्व्हर जुळवण्याचा प्रश्न उरत नाही, कारण सगळे एकाच जाळ्यात असतात, पण नव्या पायलटला आधी एक छोटी परीक्षा द्यावी लागते आणि बोलण्याचे नियम काटेकोर आहेत. विमानांच्या मॉडेलची जुळवणी मात्र तिथेही स्वतःच करावी लागते.

पुण्याला उतरल्यावर मदतनीसाने पत्रकाखाली एक ओळ जोडावी: कुणाला काय दिसलं नाही आणि कोणत्या सेटिंगने दिसलं. पुढच्या रविवारचं पत्रक ती ओळ वाचूनच लिहायचं.